इलेक्ट्रिकलच्या जोडीला मॅनेजमेंट कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहायला बसले आहे. इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग आणि मॅनेजमेंट अशी जोड पदवी घेतली आहे असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. कुठे प्रवेश घ्यावा या विचारात असलेली मुलं विचारतात, त्यांचे आईवडील विचारतात, कधी मुलाखत घेणाराही विचारतो: "दोन्ही एकत्र कशाला? एक ना धड, भाराभर चिंध्या असं नाही का होत?"

तसं होऊ शकतं, हे आधीच मान्य करते. दोन्ही विषय शेजारी शेजारी ठेवले आणि एकमेकांशी बोलूच दिले नाहीत, तर चिंध्याच होतात. माझ्या बाबतीत ते एकमेकांशी कधी आणि कसे बोलायला लागले, ते सांगते.

आमच्याकडे साधारण तीन हिस्से इलेक्ट्रिकल आणि एक हिस्सा मॅनेजमेंट होतं. पहिली दोन वर्षं इतर इलेक्ट्रिकलवाल्यांसारखीच गेली: सर्किट, गणित, विद्युतचुंबकत्व, मशीन्स, प्रात्यक्षिकं, जर्नल. तिसऱ्या वर्षी अर्थशास्त्र, अकाउंट्स, ऑपरेशन्स रिसर्च (मर्यादित साधनांतून सगळ्यात चांगला निर्णय गणिताने शोधणं) आणि केस स्टडी आल्या, तेव्हा मी पार गोंधळले. सर्किटमध्ये एखाद्या जोडबिंदूवर येणारे आणि जाणारे प्रवाह जुळले नाहीत, तर चूक तुमची असते. ती शोधता येते आणि सुधारता येते. केस स्टडीत दोन मुलांची उत्तरं उलट असूनही दोघांना चांगले गुण मिळायचे. माझी पहिली केस परत आली तेव्हा समासात बाईंनी एवढंच लिहिलं होतं: "हा आकडा कोणी दिला? त्याला तो मोठा दाखवण्यात काय रस होता?" व्होल्टमीटरच्या वाचनाला मी हा प्रश्न कधी विचारला नव्हता. त्या दिवसापासून प्रत्येक तक्त्याला विचारते.

आता मुख्य गोष्ट. पॉवर सिस्टिम्समध्ये एक नेहमीचं गणित असतं. दोन जनित्रं आहेत, एकूण मागणी ठरलेली आहे. कोणाकडून किती वीज घ्यायची म्हणजे एकूण खर्च सगळ्यात कमी होईल? समजा पहिल्याचा पुढच्या एका मेगावॉटचा खर्च २० पासून सुरू होतो आणि प्रत्येक मेगावॉटमागे ०.१ ने वाढतो. दुसऱ्याचा ३० पासून सुरू होऊन ०.०५ ने वाढतो. मागणी २५० मेगावॉट. उत्तर येतं पहिल्याकडून १५०, दुसऱ्याकडून १००. या बिंदूला दोघांचाही पुढच्या मेगावॉटचा खर्च ३५ होतो. तो सारखा नसता, तर महागाकडचा एक मेगावॉट काढून स्वस्ताकडे दिला असता आणि पैसे वाचले असते. वाचवायला काही उरत नाही तिथेच थांबायचं. या ३५ ला लॅम्डा म्हणतात. आमच्या दृष्टीने लॅम्डा म्हणजे कॅल्क्युलेटरवर खालीवर करत बसायचा, बेरीज मागणीशी जुळली की चौकटीत लिहायचा एक आकडा.

त्याच आठवड्यात ऑपरेशन्स रिसर्चच्या तासाला एका वर्कशॉपचं उदाहरण निघालं. यंत्राचे तास मर्यादित आहेत. आणखी एक तास मिळाला तर नफा किती वाढेल? त्या वाढीला छाया किंमत म्हणतात, असं सांगून सर पुढे गेले. मला मात्र पुढचं काही ऐकू आलं नाही. खोलीवर गेल्यावर मी दोन्ही वह्या उघडून शेजारी ठेवल्या. एकीत लॅम्डा, दुसरीत छाया किंमत, आणि दोन्हीकडे समीकरण तेच. मागणी २५० ची २५१ झाली तर खर्च किती वाढेल, याचं उत्तर म्हणजे ते ३५. इतके दिवस मी ज्याला गणितातली पायरी समजत होते, ती विजेची किंमत होती. आणि ती कोणी ठरवून दिलेली नव्हती, त्या यंत्रांमधून आणि त्या क्षणाच्या मागणीतून निघाली होती.

पुढे वीजबाजार शिकलो तेव्हा कळलं की अख्ख्या व्यवस्था याच कल्पनेवर उभ्या राहिल्या आहेत. चिलीने १९८२ मध्ये वीजक्षेत्राची फेररचना केली, तेव्हा किंमत अशा पुढच्या युनिटच्या खर्चाशी जोडली. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९० साली सुरू झालेल्या बाजारात दर अर्ध्या तासाला, मागणी भागवायला लागणाऱ्या सगळ्यात महाग जनित्रावरून किंमत निघायची. हे कळायला अर्थशास्त्र लागतं. पण एखादी तार क्षमतेपर्यंत भरली की तिच्या दोन टोकांना विजेची किंमत वेगळी का होते, हे कळायला लोड फ्लो, म्हणजे कोणत्या तारेतून किती वीज वाहते याचं गणित, हाताने सोडवलेलं असावं लागतं. नुसत्या एका वहीने भागत नाही.

दुसरी गोष्ट लोड फॅक्टरची. इलेक्ट्रिकलच्या पुस्तकात ती दोन ओळींत संपते: सरासरी मागणी भागिले कमाल मागणी. आम्ही ती व्याख्या पाठ केली आणि विसरलो. मॅनेजमेंटच्या तासाला तीच व्याख्या सॅम्युएल इन्सल नावाच्या माणसाच्या रूपात परत आली. हा लंडनमध्ये जन्मलेला, एडिसनचा खाजगी सचिव राहिलेला माणूस. १८९२ मध्ये तो शिकागोच्या वीजकंपनीचा प्रमुख झाला. त्या काळी वीज मुख्यतः दिव्यांसाठी जायची. संध्याकाळी काही तास यंत्रं पूर्ण भाराने चालायची आणि उरलेला वेळ जवळजवळ रिकामी बसायची. कर्जाचं व्याज मात्र चोवीस तास चालू. इन्सलने दिवसा वीज लागणारी गिऱ्हाइकं शोधली, ट्राम कंपन्या आणि कारखाने जोडले. १८९४ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रायटनला त्याने आर्थर राइटचा मीटर पाहिला. गिऱ्हाइकाने किती वीज वापरली याच्याबरोबर एका वेळी जास्तीत जास्त किती ओढली, हेही तो नोंदवायचा. त्यावरून दर बसवता येतो, हे इन्सलने उचललं. एकाच गुणोत्तराकडे एक माणूस किती चिकाटीने पाहू शकतो, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

त्याच इन्सलचा कंपनीवर कंपनी रचून उभा केलेला डोलारा १९३२ मध्ये कोसळला, आणि ज्यांनी आयुष्याची पुंजी त्यात घातली होती ते रस्त्यावर आले. १९३४ मध्ये न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं, पण लोकांची पुंजी गेली ती गेलीच. जनित्रांचं गणित बरोबर असूनही कर्जाचं गणित सगळं बुडवू शकतं, हे मला मशीन्सच्या कोणत्याच तासाला शिकायला मिळालं नसतं.

छोट्या गोष्टीही आहेत. चांगल्या गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर महाग असतो, पण त्याचा लोहव्यय, म्हणजे लोखंडी गाभ्यात वाया जाणारी वीज, कमी असतो, आणि हा व्यय भार असो नसो, अखंड चालतो. एक किलोवॉट वाचला तर वर्षाला ८७६० युनिट. मी उत्साहाने गुणिले २५ वर्षं केलं. अर्थशास्त्राच्या वहीने थांबवलं: १० टक्के व्याजदर धरला तर २५ वर्षांच्या बचतीचं आजचं मोल जेमतेम ९ वर्षांच्या बचतीइतकं भरतं. कोणता ट्रान्सफॉर्मर घ्यायचा हे त्या ९ वर ठरतं, २५ वर नाही.

आता जे गमवावं लागतं तेही सांगते, कारण ते कोणी सांगत नाही. अँटेना, चिप डिझाइन आणि कंट्रोलचा वरचा भाग माझ्या वाट्याला आला नाही. तेवढ्या तासांना मी अकाउंट्स शिकत होते. मशीन डिझाइनमध्ये किंवा संशोधनात जायचं ज्यांच्या मनात पक्कं आहे, त्यांनी निव्वळ इलेक्ट्रिकलच घ्यावं. आणि गणिताची धास्ती वाटते, मॅनेजमेंटमुळे पदवी जरा हलकी होईल, या आशेने कोणी येणार असेल, तर कळकळीने सांगते, येऊ नका. हलकं काही होत नाही. सोमवारी प्रात्यक्षिकाचं जर्नल आणि मंगळवारी गटाचं सादरीकरण, अशी ओढाताण शेवटपर्यंत चालते. इलेक्ट्रिकल कच्चं राहिलं तर मॅनेजमेंटचा भाग नुसता शब्दांचा फुलोरा होतो, आणि तो समोरच्याला लगेच कळतो.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टबद्दल सांगितल्याशिवाय मात्र हे उत्तर पुरं होणार नाही. एका कारखान्याने आम्हाला वर्षभराच्या अर्ध्या अर्ध्या तासाच्या मागणीचे आकडे दिले होते, एकूण १७,५२० नोंदी. बिलातला मोठा भाग महिन्यातल्या सगळ्यात चढ्या अर्ध्या तासावर ठरत होता. राइटच्या मीटरचीच ही वंशावळ. कमाल मागणी १२०० किलोवॉटपर्यंत जायची; बॅटरी लावून ती १००० वर रोखायची, असा आमचा बेत. २०० किलोवॉटची, ३०० युनिट साठवणारी बॅटरी धरून वर्ष कागदावर चालवून पाहिलं. अकरा महिने सुरेख गेले. एका महिन्यात एकाच सकाळी मागणी दोन तास चढी राहिली. दीड तासात बॅटरी रिकामी, आणि पुढच्या अर्ध्या तासाची नोंद ११९०. त्या एका अर्ध्या तासाने अख्ख्या महिन्याची बचत गेली.

माझ्यातली इंजिनिअर म्हणाली, मोठी बॅटरी घ्या. हिशेब केला, तर वर्षातल्या एका सकाळीसाठी एवढा खर्च कुठल्याच दराने परवडत नव्हता. मग आम्ही ती तारीख घेऊन कारखान्यात गेलो. दोन दिवसांच्या सुट्टीनंतरची ती सकाळ होती. दोन्ही भट्ट्या पूर्ण थंड झालेल्या, आणि पाळी सुरू होताच दोन्ही एकदम चालू केलेल्या. तापायलाच दोन तास लागले. "मग एक तापल्यावर दुसरी का नाही लावत?" मी विचारलं. पाळीचे पर्यवेक्षक जरा थांबले. म्हणाले, "मॅडम, पहिली बॅच किती वाजता निघाली यावर माझं वर्षाचं मूल्यमापन होतं. विजेचं बिल मला कोणी दाखवत नाही."

आम्ही अहवाल नव्याने लिहिला. सुट्टीनंतर भट्ट्या एकामागून एक सुरू करायच्या, आणि बॅटरीचा विचार त्यानंतरचे आकडे पाहून करायचा. पण पहिली शिफारस तीही नव्हती. पर्यवेक्षकांच्या मूल्यमापनात बॅचच्या वेळेशेजारी महिन्याच्या कमाल मागणीचा एक रकाना घालावा, ही पहिली शिफारस होती. तिच्याखाली पुराव्यादाखल त्या सकाळचा आलेख जोडला होता, दर अर्ध्या तासाला एक बिंदू, ११९० वर लाल खूण केलेला.