जुन्या कुऱ्हाडीचं पातं पारखताना

एका परिचितांनी आपला संग्रह आवरायला काढला, तेव्हा बिनदांड्याच्या कुऱ्हाडींची, म्हणजे नुसत्या पात्यांची, एक पेटी माझ्याकडे आली. कोणतं पातं कोणत्या बनावटीचं, साधारण किती जुनं, आणि दांडा बसवून वापरता येतील अशी कोणती, एवढं सांगायचं होतं. अशा वेळी बहुतेक जण आधी शिक्का शोधतात. मी तो मुद्दाम शेवटी ठेवतो. मोठं नाव एकदा वाचलं की नजर मवाळ होते आणि तडासुद्धा जरासा ओरखडा वाटायला लागतो.

म्हणून सुरुवात नेढ्यापासून. दांडा जिथे बसतो त्या भोकात वरून बघितलं की दोन्ही भिंती सारख्या दिसायला हव्यात. कुऱ्हाडीचा तुंबा, म्हणजे धारेच्या उलट बाजूचा जाड भाग, लाकूड ठोकायच्या घणासारखा वापरला असेल, किंवा त्यानेच लोखंडी पाचरी ठोकल्या असतील, तर भिंती बाहेर फुगतात आणि तुंब्याच्या कडा चेपून ओठासारख्या बाहेर येतात. बहुतेक कुऱ्हाडींच्या तुंब्याला पाणी दिलेलं नसतं, म्हणजे तापवून विझवून कडक केलेलं नसतं, तो मऊच असतो. त्यामुळे बाहेर आलेल्या कडा कानशीने उतरवता येतात. फुगलेल्या नेढ्यात मात्र दांडा कधीच नीट आवळून बसत नाही.

तडे बघायला मी रॉकेल आणि खडू वापरतो. नेढ्याभोवती रॉकेल चोपडून थोडा वेळ मुरू द्यायचं, कोरडं पुसायचं आणि वरून पांढरा खडू घासायचा. या पेटीतलं सगळ्यांत देखणं पातं असंच खडू फासून ठेवलं होतं. काही मिनिटांत नेढ्याच्या खालच्या कोपऱ्यातून केसाएवढी ओली रेघ खडूवर उमटली आणि गालाकडे, म्हणजे पात्याच्या सपाट बाजूकडे, सरकत गेली. आत मुरलेलं रॉकेल चिरेतून परत बाहेर येत होतं. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नव्हतं. नंतर पातं दोरीला टांगून हलकेच ठोकलं, तर बाकीच्यांसारखा खणखणीत आवाज न येता बद्द असा आला.

मग धार. धारेजवळचा पोलादाचा पट्टाच काय तो पुरेसा कडक असतो. वर्षानुवर्षं घासून तो संपला की उरतं ते मऊ लोखंड, त्याला कितीही धार लावा, टिकत नाही. वरचा कोपरा झिजून गोल झालाय का, खालच्या टाचेपेक्षा आखूड दिसतो का, ते आधी बघायचं. पात्यावर वजन कोरलेलं असेल तर काम आणखी सोपं होतं. अमेरिकी पात्यांवर ते पौंडात असतं, स्वीडिश पात्यांवर बहुधा किलोत. एका पात्यावर ३½ होतं, म्हणजे मूळचं १ किलो ५९० ग्रॅमच्या आसपास. काट्यावर ते १ किलो ४०० ग्रॅमच भरलं. कारखान्यातून निघतानाही वजनात थोडा फरक असतो, पण पावणेदोनशे ग्रॅमच्या वर गेलेलं लोखंड एवढ्यावर सोडून देता येत नाही. ते कुणीतरी ग्राइंडरवर उडवलेलं होतं.

ग्राइंडर म्हटलं की माझा राग जरा सुटतोच. धार निळी पडली म्हणजे तिथलं तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं. त्यापुढे तापलं तर पाणी उतरतंच. निळा रंग घासून पुसून टाकता येतो, मऊपणा तसाच राहतो. म्हणून रंगावर न जाता कानस लावून बघायची. चांगल्या धारेवर ती कुरकुरत, नाइलाजाने चावते. लोण्यातून गेल्यासारखी गेली तर पाणी उतरलंय. नुसती घसरली तर धार फार कडक आहे, तिच्या कपच्या उडतील. जुना दांडा जाळून काढायची सवयही अशीच घातक. जाणकार निदान धारेकडची बाजू ओल्या मातीत पुरून मग जाळायचे.

गंजाला मात्र लोक उगाच घाबरतात. गालावरचे खड्डे कुरूप दिसतात एवढंच. धारेला लागून असलेले खड्डे वाईट, कारण पुढे तिथेच दाते पडतात. मी हाताने तारेचा ब्रश मारतो, मग व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवतो. व्हिनेगरचा दुसरा फायदा असा की लोखंड आणि पोलाद वेगवेगळे रंगतात. दोन पात्यांवर धारेमागे स्पष्ट सांधा उमटला, म्हणजे लोखंडी अंगाला पोलाद जोडून घडवलेली जुनी पद्धत. अखंड पोलादातून ठोकलेल्या पात्यावर असा सांधा दिसत नाही.

आता शिक्के. अंधाऱ्या खोलीत बाजूने टॉर्च तिरपी धरली की बुजलेली अक्षरंही सावलीने उठून दिसतात. तडा गेलेल्या त्या देखण्या पात्यावर मुकुटातून वर आलेला, हातोडी धरलेला हात निघाला. ही अमेरिकेतल्या कनेक्टिकटच्या कॉलिन्स कंपनीची खूण. कंपनी १८२६ मध्ये सुरू झाली आणि १९६६ मध्ये बंद पडली. नाव पुढे इतरांनीही वापरलं, त्यामुळे नुसतं 'कॉलिन्स' वाचून वय ठरवू नये. घडण, सांधा, अक्षरांची ठेवण सगळं जुळवावं. एका पात्यावर काहीच सापडलं नाही. तुंबा कोनदार आणि नेढ्याखाली टोकदार कान नाहीत, एवढ्यावरून ते डेटन नावाच्या अमेरिकी घाटाचं, इतकंच म्हणता आलं.

कानस त्याच बिननावाच्या पात्यावर सगळ्यांत छान चावत होती. नेढं सरळ, दोन्ही कोपरे शाबूत. दांडा त्याला बसवा, असं मी कळवलं. ३½ वालं पातं बारीकसारीक फांद्यांपुरतं चालेल. कॉलिन्सला तेल लावलं आणि पुढे कुणाच्या हाती पडेल याचा नेम नाही म्हणून नेढ्याला तारेने पत्र्याची चिठ्ठी बांधली: तडा आहे, दांडा बसवू नये.