एकाच डबीतल्या तीन गोळ्या

मी सांगली जिल्ह्यातल्या द्राक्षपट्ट्यात एका ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, आणि आमच्याकडे दर महिन्याची ९ तारीख म्हणजे नुसती गर्दी असते, कारण त्या दिवशी प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, सत्तर-ऐंशी गरोदर बाया बाकड्यावर, जिन्यावर, जागा मिळेल तिथे बसलेल्या असतात. वजन, बीपी, पोट तपासणं, एचबी, कार्डावर स्टिकर. धोका नसेल तर हिरवा, जोखमीची असेल तर लाल, बीपीवालीला निळा आणि शुगर, थायरॉईड असलं काही असेल तर पिवळा.

ही बाई सप्टेंबरमध्ये पहिल्यांदा आली तेव्हा दहावा आठवडा होता. तेवीस-चोवीस वर्षांची, द्राक्षबागेत मजुरीला जाणारी. आधीचं एक बाळ अडीच महिन्यांत पडलेलं, म्हणून डॉक्टर मॅडमनी टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, करायला पाठवली. आला १४. अंगात थायरॉईड जितकं कमी पडतं तितका हा आकडा वर जातो. तिला काही वेगळं जाणवत नव्हतं असं नाही, थकवा होता, पोट साफ होत नव्हतं, केस गळत होते, पण ते सगळं दिवस गेल्यामुळेच होतंय असं घरातले म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर आम्हीही बऱ्याचदा तेच म्हणतो. थायरॉईडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली, आशाताईनं घरी जाऊन बाटली दिली. ऑक्टोबरला टीएसएच ५ च्या खाली आला. मॅडम म्हणाल्या उतरतोय पण अजून अडीचच्या आत आला पाहिजे, आणि डोस ७५ केला.

नोव्हेंबरचा रिपोर्ट आला ९.२.

डोस वाढवला आणि टीएसएच खाली यायचा तो वर गेला! गरोदरपणात गोळी जास्त लागते हे आम्हाला माहीत आहे, पण महिन्याभरात असं उलटं फिरणं मॅडमना पटेना. त्या १०० लिहायला निघाल्या होत्या, पेन थांबवलं आणि मला म्हणाल्या, सिस्टर, गोळी हिच्या पोटात जातेय का नाही ते आधी बघा.

बाहेर शंभर कामं होती तरी मी तिला इंजेक्शनच्या खोलीत घेऊन बसले. विचारलं, गोळी चुकते का गं? "नाय ओ सिस्टर, एक दिवस चुकली नाय, तुम्हीच सांगितलंवतं ना एक पण गोळी चुकवू नको म्हणून." असं म्हणून तिनं पिशवीतून कुंकवाची एक जुनी स्टीलची डबी काढली आणि माझ्यासमोर उघडली. आत आम्ही दिलेल्या लोहाच्या लाल गोळ्या, कॅल्शियमच्या मोठ्या पांढऱ्या गोळ्या आणि त्यांच्या फटीत बसलेल्या थायरॉईडच्या एवढ्याशा गोळ्या, सगळं एकत्र. थायरॉईडच्या दोन गोळ्या तर कडेनं भुरभुरल्या होत्या, कारण बाटलीतून काढून डबी चुलीजवळच्या फळीवर ठेवलेली, आणि त्या गोळीला दमट नि गरम दोन्ही सोसत नाही. मी म्हटलं, कशी घेतेस ते दाखव. तिनं तळहातावर तीन रंगाढंगाच्या तीन गोळ्या ओतल्या आणि म्हणाली, सकाळी सातला, कपभर दुधाबरोबर, एकदमच, म्हणजे विसरत नाय.

मला तिथेच गोष्ट कळली आणि पोटात कालवल्यासारखं झालं. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या आपण तीन महिने उलटल्यावर सुरू करतो. तिच्या सुरू झाल्या ऑक्टोबरमध्ये, माझ्याच हातून, माझ्याच टेबलावरून. लोह आणि कॅल्शियम थायरॉईडच्या गोळीला आतड्यात धरून ठेवतात, ती रक्तात पुरती जातच नाही, म्हणून मध्ये चार तास तरी जाऊ द्यावे लागतात. वरून दूध. म्हणजे पोरगी मनापासून रोज गोळी घेत होती आणि तिचा अर्धाही उपयोग होत नव्हता. रोज न चुकता घे हे मी तिला सांगितलं होतं, कशी घ्यायची हे सांगितलंच नव्हतं, त्या दिवशी ऐंशी बाया होत्या हे कारण मी मला स्वतःला देऊ शकत नाही.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. "पोटुशी बाईनं उपाशीपोटी गोळी खायची म्हंजे पोरगं वाळंल की ओ, म्हणून मीच दूध देतीया." त्यांची काळजी खोटी नव्हती. मी त्यांना आत बसवलं, म्हटलं मावशी, पहिले तीन महिने तर बाळाची स्वतःची थायरॉईड चालूच झालेली नसते, ते सगळं आईच्या रक्तातून घेतं, त्याच्या मेंदूला ते लागतं, अजूनही लागतंय. ही गोळी म्हणजे बाळाला बाधणारं औषध नाही, आईच्या अंगात जे कमी पडतंय तेच आपण वरून देतोय.

मग त्यांच्या घरचं घड्याळ विचारलं. नळाला पाणी पाचला येतं, दोघी तेव्हा उठतातच. म्हटलं ठरलं, नळ सुरू केला की थायरॉईडची गोळी नुसत्या पाण्याबरोबर, चहा सहानंतर. कॅल्शियम बागेत दहाच्या न्याहारीवर आणि रात्री जेवल्यावर. लाल गोळी दुपारी तीनला, लिंबूपाण्याबरोबर, चहाबरोबर अजिबात नाही. हिला वाचायला जमतं पण सासूबाईंना नाही, म्हणून कार्डाच्या मागे नळ, भाकरी, लिंबू अशी चित्रं काढून दिली. गोळ्या बाटलीतच ठेवायच्या. मॅडमनी डोस ७५ च ठेवला.

उठता उठता तिनं विचारलं, "सिस्टर, पहिल्या बाळाच्या वेळी पण माझं हे असंच आसंल का?"

तेव्हा ती दुसरीकडे दाखवत होती, टीएसएच कुणी केलाच नव्हता. मी खोटं नाही बोलले. म्हटलं, बाळ पडायची कारणं खूप असतात, हे होतं का नव्हतं ते आता कुणालाच सांगता येणार नाही, पण तू काही चुकीचं केलं नव्हतंस. ती काही बोलली नाही, डबी पदरात गुंडाळत बसली थोडा वेळ, मग पुढच्या बाईनं दार वाजवलं.

डिसेंबरला टीएसएच २.३. डोस तोच, गोळी तीच. मॅडमनी रिपोर्ट माझ्याकडे सरकवला आणि मी तो दोनदा वाचला. सासूबाई बाहेर बाकड्यावरच्या बायांना सांगत होत्या, आमच्याकडं पाणी नाय आलं तरी मी पाचला उठवती हिला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बाळंत झाली, मुलगी, दोन किलो नऊशे. तिसऱ्या दिवशी बाळाच्या टाचेतून टीएसएचसाठी रक्त घेतलं, तो रिपोर्ट चांगला आला. आईचा डोस मॅडमनी परत ५० वर आणला, कारण बाळंतपणानंतर तेवढा लागत नाही, आणि अंगावर पाजताना गोळी चालते हेही सांगून ठेवलं, नाहीतर इथेच बायका बंद करतात. सहा आठवड्यांनी रक्त तपासायला आली तेव्हा बाळ सासूबाईंच्या खांद्यावर होतं आणि थायरॉईडची बाटली हिनं लंगोटांच्या घडीत घालून आणली होती. तीन महिन्यांपासून मी लाल गोळ्या देताना प्रत्येकीला आधी विचारते, थायरॉईडची आहे का, आणि असेल तर तिची गोळी हातावर काढायला लावते. रांग थोडी लांबते.