तेलानं अंग चोरलं

आमच्या रबाळ्याच्या शेडमध्ये हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, सिलिंडर बनतात. तिथे 'बॅरल' म्हटलं की सिलिंडरची नळी. त्यामुळे पार्टीकडून तपासणीला आलेले सुभेदार साहेब चहा पिता पिता "बॅरल आठ मीटरची" म्हणाले, तेव्हा आमचा वेल्डर दचकला. एवढी नळी आपल्या लेथवर चढवायची कशी, ही त्याची काळजी. साहेब तोफेच्या नळीबद्दल बोलत होते. तोंडाचा व्यास १५५ मिलिमीटर आणि लांबी त्याच्या ५२ पट. मी फोनवर गुणाकार केला, ८,०६० मिलिमीटर. ते धूड ट्रकच्या पाठीवर बसतं, आणि त्या ट्रकच्या मागे जो लोखंडी फाळ जमिनीत रुततो, तो खाली दाबणारे दोन सिलिंडर आमच्याकडे बनत होते. एक डावा, एक उजवा. बाकी तोफेशी आमचा संबंध शून्य. नातेवाइकांना मात्र हे पटत नाही. गावाकडे काकांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय, पोरगी तोफा बनवते. मी बनवते काळ्या रंगाचा पाइप, त्यात ये-जा करणारा एक दांडा, आणि तेल.

मी टेस्ट बेंच बघते. मेकॅनिकलचा डिप्लोमा, अकरा वर्षं याच लाइनीत. आमचं रोजचं काम टिपरचे, कचरागाडीचे, प्रेसचे सिलिंडर. त्यांची चाचणी पाच मिनिटांची: दाब चढवा, थांबा, कुठे पाझरत नाही ना बघा, शिक्का मारा. या पार्टीच्या कागदात मात्र एक जास्तीची ओळ होती. आधी दांडा आत-बाहेर करत ५० फेऱ्या मारायच्या, मग ३१५ बारचा दाब देऊन बघायचं, आणि त्यानंतर दांडा ५०० मिलिमीटर बाहेर काढून, तेल कोंडून, वर भार ठेवून अर्धा तास थांबायचं. अर्ध्या तासात दांडा अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त खाली सरकता कामा नये.

फेब्रुवारीत पहिली जोडी याच ओळीवर पडली. दोन्ही सिलिंडर दोन मिलिमीटरच्या वर घसरले. रिजेक्शनच्या कागदावर कारणाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही, शेठ ओरडतात. मी लिहिलं, 'होनिंग फिनिश'. नळीच्या आतल्या भिंतीवर दगड फिरवून जी बारीक जाळीदार घासाई करतात ते होनिंग. ती खरखरीत राहिली तर पिस्टनच्या सीलजवळून तेल निसटतं. तर्काला धरून होतं. शेठनी होनिंगवाल्या चाचांचं बिल कापलं. चाचा जौनपूरचे, सतरा-अठरा वर्षं आमचं काम करत होते. त्यांनी भांडण केलं नाही. दुसऱ्या दिवशी आपले होनिंगचे दगड पिशवीत घालून घेऊन गेले.

एप्रिलमध्ये दुसरी जोडी आली. होनिंग यावेळी बाहेरच्या महागड्या शॉपकडून. सीलं परदेशी. आणि तपासायला सुभेदार साहेब स्वतः हजर.

सीलबद्दल मला जरा बोलू द्या, कारण ते काम मी कुणाला करू देत नाही. पिस्टनवरचं सील म्हणजे ब्राँझ मिसळलेल्या टेफ्लॉनची तपकिरी कडी. रबरासारखी ताणत नाही. गरम तेलात ठेवून मऊ करायची, निमुळत्या शंकूवरून हळूहळू सरकवत खोबणीत बसवायची, आणि लगेच वरून घट्ट बाही चढवून तिला मूळ मापावर परत आणायचं. हे सगळं ती गार व्हायच्या आत. आमच्याकडे पूर्वी एक फिटर स्क्रू-ड्रायव्हरनं सील चढवायचा. वरून दिसायला चकचकीत, आत नखाएवढी चीर. तेव्हापासून शंकू आणि बाही माझ्या कपाटात, किल्ली माझ्या पर्समध्ये.

तर डावा सिलिंडर बेंचवर. फेऱ्या झाल्या, दाब झाला, दांडा किती सरकतो ते मिलिमीटरमध्ये दाखवणारा डायल लावून शून्य केला. पुढचा अर्धा तास करण्यासारखं काही नसतं, म्हणून साहेब बोलत होते. सातारकडचे, देवळालीच्या तोफखान्याच्या शाळेत शिकलेले, नोकरी सगळी बोफोर्सवर. १९८६ च्या करारातल्या त्या ४१० तोफा. आपल्याला त्यांचा घोटाळा पाठ, त्यांना त्यांचा आवाज. बोफोर्सला स्वतःचं लहान इंजिन असतं, तोफ थोडं अंतर आपली आपण सरकते. पण लांब जायचं तर ओढायला गाडी लागते, जोडा, सोडा, पाय पसरा. "आता तेवढा वेळ कोण देतो, मॅडम?" ते म्हणाले. गोळा हवेत असतानाच समोरचं रडार त्याची वाट मोजतं आणि तो कुठून सुटला ते काढतं. आपल्याकडेही असं रडार आहे, स्वाती. म्हणजे पहिला गोळा सुटला की घड्याळ चालू. चार-सहा गोळे टाकायचे आणि उत्तर यायच्या आत जागा सोडायची. ट्रकवरची तोफ त्यासाठीच. फ्रेंचांची सीझर सहा चाकी, जेमतेम अठरा टनांची, पाच माणसांची. थांबल्यापासून मिनिटाच्या आत गोळाफेकीला तयार होते. २०२२ पासून युक्रेनमध्ये तिचा बराच बोलबाला आहे. स्वीडनची आर्चर त्याही पुढची. २१ गोळ्यांचं मॅगझिन, माणसं केबिनमधून उतरतच नाहीत. आपली हजिऱ्याला बनणारी वज्र पट्ट्यांवर चालते, चिलखत जाड, पण वजन सत्तेचाळीस टनांच्या घरात. ट्रकला चिलखत कमी, त्याची ढाल म्हणजे पळ काढणं.

"आणि यात तुमचा सिलिंडर कुठे?" मग त्यांनी खिशातलं पेन टेबलावर तिरकं धरलं. पंचेचाळीस किलोच्या आसपासचा गोळा सेकंदाला नऊशे मीटरच्या वेगानं पुढे जातो, तेव्हा तोफ तेवढ्याच इरेला पेटून मागे येते. नळीखालच्या यंत्रणेतलं तेल आणि नायट्रोजन त्यातलं बरंच पचवतात. उरलेला धक्का चाकांवर आणि स्प्रिंगांवर आला तर ट्रक घोड्यासारखा उधळेल. म्हणून मागचा फाळ, स्पेड, जमिनीत दाबायचा आणि धक्का मातीला द्यायचा. दोन्ही बाजूंच्या सिलिंडरमध्ये कोंडलेलं तेल त्या क्षणी खांबासारखं उभं राहिलं पाहिजे. एक बाजू खचली, दुसरी नाही, तर अख्खी तोफ कलते. तिची संगणकयंत्रणा प्रत्येक गोळ्यानंतर नेम पुन्हा जुळवते हे खरं, पण जुळवायलाही सेकंद जातात. नेमाच्या कोनात एक मिल, म्हणजे तोफखान्याचं कोनाचं बारीक माप, एवढी चूक म्हणजे हजार मीटरवर एक मीटर. "तीस किलोमीटरवर किती ते तुम्हीच सांगा." त्यांनी पेन उचलून परत खिशात ठेवलं.

डायलवर २.१.

शेठचा चेहरा उतरला. सील काढलं, दुसरं घातलं, माझ्याच हातानं. पुन्हा फेऱ्या, पुन्हा दाब, पुन्हा अर्धा तास. १.९. आता मला घाम फुटला, कारण होनिंग दुसऱ्याचं होतं. दगड वेगळे, मशीन वेगळं, माणूस वेगळा, आणि आकडा तोच. फेब्रुवारीचा कागद डोळ्यांसमोर आला.

तिसऱ्या वेळी मी दांड्याच्या बाजूचा पाइप सोडवला आणि तोंडाखाली चहाचा काचेचा ग्लास धरला. सीलजवळून तेल निसटत असेल तर ते इथूनच बाहेर येणार, दुसरी वाट नाही. तेल कोंडून धरणाऱ्या व्हॉल्व्हची परतीची नळीही सोडवली, तिच्याखाली दुसरा ग्लास. सव्वाशे मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनखालून दोन मिलिमीटर उतरायचं तर जवळपास पंचवीस मिलिलिटर तेल बाहेर पडायला हवं. चहाचे पाच चमचे म्हणा. अर्ध्या तासानं दोन्ही ग्लास कोरडे. बाहेरही कुठे थेंब नाही. आणि डायलवर २.२.

तेल कुठेच गेलं नव्हतं आणि दांडा उतरत होता. वेल्डर म्हणाला बेंचची फ्रेमच वाकतेय. शेठ म्हणाले डायलच खराब. मी डायल बदलला. फ्रेमवर दुसरा डायल लावला. तो हलला नाही.

साहेब नळीवर हात ठेवून उभे होते. "मघाशी हात ठेववत नव्हता," ते सहज म्हणाले. "जुन्या तोफांत आम्ही बघायचो. गोळे टाकून टाकून तेल तापलं की फुगायचं, जास्तीचं मावायला बाजूला एक डबी असायची. रात्री गार झालं की तेल अंग चोरतं आणि डबीतलं आत येतं."

मला एकदम कान गरम झाल्यासारखं वाटलं. हे मला माहीत होतं. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतं, परीक्षेत सोडवलंही होतं. हायड्रॉलिक तेल एका अंशाला साधारण दहा हजारांत सात भाग आकसतं. ५० फेऱ्या आणि ३१५ बारच्या दाबानं आमचं तेल अठ्ठावन्न अंशांवर गेलेलं, शेडमध्ये तेहतीस. अर्ध्या तासात नळी पाच अंशांनी उतरली. ५०० गुणिले ०.०००७ गुणिले ५. उत्तर १.७५ मिलिमीटर. गळती नव्हतीच, कोंडलेला तेलाचा खांब बसल्या जागी आखूड होत होता. पाच मिनिटांच्या चाचणीत हे कधी दिसलं नसतं.

साहेब त्या रात्री ठाण्याला लॉजवर राहिले. दुसऱ्या दिवशी मी पहिल्या लोकलनं ठाण्याहून निघाले, पारसिकच्या डोंगरावर अजून नीट उजाडलेलं नव्हतं. पंप रात्रभर बंद. तेल, नळी, शेड, सगळं एकतीसवर. फेऱ्या न मारता थेट भार ठेवला. डावा ०.२, उजवा ०.३. साहेबांनी शेरा मारून सही केली. शेठ लगेच म्हणाले, मी आधीपासून सांगत होतो माल चांगला आहे. त्यांनी आधीपासून सांगितलं होतं ते डायलबद्दल.

निघताना मी साहेबांना विचारलं, गरम तेल घेऊन आलेली तोफ अर्धा तास उभी राहिली तर खरंच दीड-दोन मिलिमीटर खाली बसेल ना? ते हसले. "अर्धा तास? स्पेड टाकून अर्धा तास एका जागी बसली तर सिलिंडर बघायला कुणी उरणार नाही, ताई. वाट बघायची ती लपून, स्पेड वर करून." म्हणजे जी तोफ एका जागी थांबू नये म्हणून बांधली, तिच्या सिलिंडरला आम्ही अर्धा तास थांबवून नापास करत होतो. ती ओळ क्रेनच्या पायांच्या कागदातून उचलून चिकटवली असावी असा माझा संशय आहे. क्रेन बिचारी खरंच दिवसभर उभी असते. पार्टीच्या डिझाइनवाल्यांना मी मेल केला. उत्तर आलं की मुद्दा नोंदवला आहे. आमच्या फॉर्मात तेलाच्या तापमानाचा रकाना कधीच नव्हता, तो मी पेनानं आखला. शेठ म्हणतात छापील फॉर्मवर पेन चालवू नकोस, ऑडिटला वाईट दिसतं.

फेब्रुवारीची जोडी लाल जाळीत पडून होती, माझ्या अक्षरातली चिठ्ठी लटकवलेली. गेल्या आठवड्यात दोन्ही गार तेलावर लावले. एक ०.२, चक्क पास. दुसरा ०.८. दोन्ही एकाच दिवशी, एकाच माणसानं, त्याच दगडांनी होन केलेले. दुसरा मी अजून उघडलेला नाही. त्यात होनिंग खरखरीत निघेल, किंवा सीलला चीर निघेल. सील मी बसवलेलं आहे.

चाचा आता अंबरनाथला असतात असं वेल्डरकडून कळलं. नंबर त्याच्याकडेच होता. त्यांनी फोन उचलला तेव्हा मागे मशीनची ती ओळखीची खरखर चालू होती. "बोलो मॅडम, जॉब लगा है." मी म्हटलं, चाचा, ती फेब्रुवारीची जोडी, तिच्यातला एक पास झाला, आमचीच मोजायची चूक होती. पलीकडे मशीन बंद झालं.

"और दूसरा?"

"अभी खोला नहीं, चाचा."

"खोलके बताना," ते म्हणाले, आणि मशीन परत चालू झालं.