काकांच्या पद्मिनीची मागची उंची

काकांची 1978 सालची प्रीमियर पद्मिनी माझ्याकडे आली तेव्हा ती मागून इतकी उंच उभी राहायची की, अंगणात पाऊल टाकणारा माणूस ती उतारावर लावली आहे असे समजून हॅन्डब्रेक ओढला आहे ना, अशी चौकशी करायचा. यामागचे कारण घरात सर्वांना ठाऊक होते. सावईवेऱ्याच्या कुळागरातले नारळ आणि सुपारीची पोती फोंड्याच्या बाजारात नेण्यासाठी काका हीच गाडी वापरीत, आणि डिकी भरली की मडगार्डची कड टायरला लागते म्हणून त्यांनी कधीतरी मागच्या दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगांना एकेक जादा पाटा, म्हणजे कमानदार पोलादी पट्टी, चढवून घेतला होता. पुढे पोती वाहणे थांबले, पाटे मात्र जिथल्या तिथे राहिले.

मला गाडी शर्यतीच्या गाडीसारखी जमिनीलगत आणायची नव्हती, ती कारखान्यातून निघाली त्या उंचीवर परत न्यायची होती. 2021 साली केंद्राने जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे जे नियम आणले, त्यांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडीच ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. आमची गाडी 2028 मध्ये पन्नाशी गाठेल, तेव्हा तिच्यात नवे प्रयोग करण्यापेक्षा जुने प्रयोग काढून टाकणे मला शहाणपणाचे वाटले. मूळ उंची कळावी म्हणून ओळखीच्या एका घरी असलेली, कोणताही बदल न झालेली पद्मिनी मोजून आलो. माप चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत घेतले, कारण जमिनीपासून घेतलेले माप टायरच्या हवेप्रमाणे बदलते. आमची गाडी मागे सरासरी 45 मिलिमीटर उंच निघाली. त्यातही उजवी बाजू डावीपेक्षा 14 मिलिमीटर अधिक वर होती, आणि या चौदा मिलिमीटरांनीच पुढचे सगळे काम वाढवले.

“पाटे काढून टाकले की झाले ना, बाब?” असे आमच्या मेस्तांनी, म्हणजे मेकॅनिकने, विचारले, आणि मलाही तेव्हा तसेच वाटत होते. पण त्याच आठवड्यात पावसाची पहिली मोठी सर येऊन गेली आणि अंगणातल्या लाल चिखलावर गाडीने स्वतःची चाल लिहून ठेवली. पद्मिनीच्या मागच्या दोन चाकांमधले अंतर पुढच्यापेक्षा किंचित कमी असते, म्हणून मागच्या चाकांचे ठसे दोन्ही बाजूंना पुढच्या ठशांच्या थोडे आतून जायला हवेत. आमच्याकडे उजवीकडचा ठसा चांगला दोन सेंटिमीटर आत, तर डावीकडचा चक्क बाहेर डोकावत होता. बाणस्तारीचा पूल ओलांडून जुन्या गोव्याकडे जाताना स्टिअरिंग नेहमी थोडे डावीकडे धरावे लागे, त्याचा अर्थ मला त्या चिखलात कळला.

गाडी घेऊन मी संगणकावर चाके जुळवून देणाऱ्या एका दुकानात गेलो. तिथे पुढची चाके सरळ करून देण्यात आली, स्टिअरिंगही मध्यावर आणले गेले आणि मागे काही करता येत नाही असे सांगून बिल हाती दिले गेले. ते म्हणणे अर्धे खरे आहे. पद्मिनीच्या मागे अखंड हाउसिंग, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारे धुऱ्याचे पोलादी कवच, असते, त्यामुळे चाकांचा टो (आत-बाहेर वळलेपणा) किंवा कॅम्बर (उभा कल) फिरवण्यासाठी तिथे स्क्रू नाही. पण ते अख्खे हाउसिंगच गाडीच्या मध्यरेषेला काटकोनात बसले आहे की नाही, हा प्रश्न उरतोच. मागचा धुराच तिरका असेल, तर पुढची चाके कितीही जुळवा, गाडी खेकड्यासारखी अंग तिरके करूनच चालणार.

शेवटी घरच्याच कोब्यावर ओळंबा, खडू आणि पोलादी टेप घेऊन बसलो. पुढची चाके अगदी सरळ धरून पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतले अंतर मोजले. कंपनीचे माप 2340 मिलिमीटर आहे. डावीकडे 2338 भरले आणि उजवीकडे 2331. सात मिलिमीटरांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण सव्वा मीटरच्या धुऱ्यावर तो अंशाच्या एक तृतीयांशाइतका तिरकेपणा होतो, आणि पुढच्या चाकांपर्यंत पोहोचताना त्याचे जवळजवळ चौदा मिलिमीटर होतात. चिखलातले ठसे हेच सांगत होते.

उंची आणि सरळपणा या दोन गोष्टी पाट्यांच्या गाडीत एकमेकींना कशा बांधलेल्या असतात, हे मला येथे नीट समजले. पाट्याचा पुढचा डोळा चासीला पक्का असतो आणि मागचा डोळा शॅकलवर, म्हणजे हलत्या कडीवर, झुलतो. पाटा जितका कमानदार तितके दोन डोळ्यांतले सरळ अंतर कमी. तो सपाट होऊ लागला की लांबी मागच्या बाजूला सरकते आणि पाट्याच्या मध्यावर बसलेले हाउसिंगही चार-पाच मिलिमीटर मागे जाते. दोन्ही बाजूंची कमान सारखी असेल तर दोन्ही चाके सारखीच मागे जातात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. आमचा उजवा जादा पाटा डाव्यापेक्षा जाड होता. त्यामुळे ती बाजू उंच राहिली आणि त्याच कारणाने ते चाक पुढेही आले.

पण गाडी खोलल्यावर दिसले की दोष एवढाच नव्हता. पाट्यांचा संच एकत्र बांधणाऱ्या सेंटर बोल्टचे डोके हाउसिंगच्या बैठकीतल्या भोकात बसते आणि धुऱ्याची जागा तेच ठरवते. पाटे आणि हाउसिंग यांना कवेत घेणाऱ्या यू आकाराच्या यू-बोल्टांनी फक्त आवळून धरायचे असते. उजवीकडचे यू-बोल्ट कधीतरी सैल राहिले असावेत, कारण ते भोक घासून घासून अंड्यासारखे लांबट झाले होते आणि बोल्टच्या डोक्याची एक कड वस्तऱ्याने तासल्यासारखी झिजली होती. बोट घातले तर भोकाच्या मागच्या टोकाला गुळगुळीत, चकचकीत खळगा लागत होता, बाकी सगळीकडे गंज. केवळ जादा पाटे काढून गाडी खाली आणली असती, तर तिरकेपणाचा हा भाग तसाच राहिला असता. मेस्तांनी ते भोक वेल्डिंगने भरून, डावीकडच्या बैठकीवरून माप घेऊन पुन्हा पाडले.

पाटे घेऊन आम्ही डिचोलीकडच्या एका पाटेवाल्याकडे गेलो. खाणींवरच्या टिपरांचे पाटे बसवणारी अशी दुकाने पूर्वी त्या पट्ट्यात दिवसरात्र वाजत असत; 2012 साली खाणी बंद पडल्यापासून तिथला आवाज उतरला आहे, पण हात तेच आहेत. पाटा तापवून झटपट सपाट करून देतो असे एकाने रस्त्यातच सुचवले होते, ते मी मानले नाही. स्प्रिंगच्या पोलादाला दिलेले पाणी भट्टीत उतरले की पाटा दिसायला ठीक दिसतो आणि काही महिन्यांत बसतो, तोही दोन्हीकडे सारखा नाही. या गृहस्थांनी डाव्या मुख्य पाट्याची कमान खडूने जमिनीवर काढली आणि उजवा पाटा थंडच ठोकून, प्रत्येक चार-सहा घावांनंतर त्या रेघेवर ठेवून पाहिला. असे त्यांनी किती वेळा केले ते मी मोजणे सोडून दिले.

हाउसिंग आणि पाटा यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालण्याचा सोपा उपाय अनेक जण करतात. पाटा हाउसिंगच्या खालून जात असेल तर ठोकळ्याने गाडी खाली येते आणि वरून जात असेल तर उलट वर जाते, हे आधी पाहिलेले बरे. मला मूळ रूपच हवे असल्यामुळे तो विचार केला नाही.

जोडणीत एका गोष्टीचा मी आग्रह धरला. डोळ्यांचे आणि शॅकलचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना आवळायचे नाहीत. तसे केले की रबरी बुश त्याच स्थितीत पकडले जातात, गाडी जमिनीवर आली की पिळवटतात, उंची खोटी दाखवतात आणि लवकर फाटतात. म्हणून चाके जमिनीवर टेकवून, गाडी पुढे-मागे ढकलून, चार वेळा दाबून मगच शेवटचे आवळणे झाले. यू-बोल्ट नवे घातले आणि तिरपे-तिरपे, थोडे थोडे करून ओढले. नंतर डावीकडे 2340 आणि उजवीकडे 2339 भरले. तो एक मिलिमीटर माझ्या टेपचाही असू शकेल.

मागची बाजू 45 मिलिमीटर उतरली म्हणजे सगळी गाडी एक अंशाहून थोडी अधिक मागे कलली, आणि पुढच्या चाकांचा कॅस्टरही, म्हणजे ती ज्या अक्षावर वळतात त्याचा मागे झुकावही, तेवढाच वाढला. वळणानंतर स्टिअरिंग आता आपण होऊन मध्यावर येते. पार्किंगमध्ये मात्र ते जरा जड लागते. ओहोटीच्या वेळी रायबंदरच्या धक्क्यावरून चोडणच्या फेरीबोटीत चढताना सायलेन्सरचा पाइप टेकेल की काय, ही धास्ती होती. तो टेकला नाही, पण आणखी वीस मिलिमीटर खाली गेलो असतो तर टेकला असता.

दिव्यांचा विचार मात्र माझ्या हातून पार राहून गेला. शेपूट खाली गेली की नाक वर होते, आणि दहा मीटरांवर दिव्यांचा झोत जवळजवळ 19 सेंटिमीटर वर चढतो. रायबंदरहून पणजीकडे येणाऱ्या त्या जुन्या पोर्तुगीज बांधावर समोरून येणारा प्रत्येक जण मला दिवे दाखवत होता आणि मी जुन्या गाडीचे कौतुक समजून हात हलवत होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कंपाउंडच्या भिंतीवर खडूची रेघ मारून दोन्ही दिवे खाली आणले. पाचशे किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा तपासले, तेव्हा डावीकडचे नट पाव आटा फिरले आणि उजवीकडचे हललेही नाहीत.