पाणी निळं का नाही?

इंदुरातल्या आमच्या स्टुडिओत पहिल्यांदा येणारा माणूस भिंतीवरची तळ्याची चित्रं बघतो आणि थोड्या वेळानं विचारतोच, ‘‘भैया, इसमें नीला नहीं डाला?’’ रामबागेतल्या एका काकूंनी तर चष्मा पुसून पुन्हा लावला आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘‘अगं, पाणी चहासारखं का गं दिसतंय?’’ चित्रं दादा काढतो. उत्तरं द्यायची, फ्रेमा बांधायच्या आणि हिशेब ठेवायचा ही कामं माझी. बारा वर्षं हेच चालू आहे, तेव्हा स्टुडिओची वाटचाल सांगायची तर या प्रश्नापासूनच सांगते.

दादा एका शाळेत ड्रॉइंग शिकवायचा. नोकरी सोडून त्यानं धार रोडच्या बाजूला वरच्या मजल्यावरची एक खोली भाड्यानं घेतली. कारण एकच, गच्चीवरून सिरपूरचं तळं दिसतं. आई म्हणाली, ‘‘नोकरी सोडून तळ्याकाठी बसणार? बगळा आहेस का तू?’’ पहिल्या वर्षी अकरा चित्रं विकली गेली, त्यातली सात नातेवाइकांनी घेतली. मी तेव्हा एका ऑफिसात अकाउंट्स बघत होते आणि संध्याकाळी येऊन त्याची बिलं लिहायचे. घरभाडं निघायचं ते दुसऱ्यांच्या फोटोंना फ्रेमा करून. लग्नाचे फोटो, वारलेल्या आजोबांचे फोटो, बारावीची सर्टिफिकिटं, काही म्हणून आम्ही नाही म्हटलं नाही.

आता पाण्याचं. सिरपूरचं तळं होळकरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलं. आज ते १६१ हेक्टरचं आहे, पण खोली भर पावसाळ्यातही जेमतेम दोन मीटर. उथळ पाणी, तळाला माळव्याची काळी माती, आत शेवाळ आणि पाणवनस्पती. असं पाणी निळं कुठून दिसणार? पायाजवळचं पाणी आपण वरून बघतो, म्हणून त्यात तळ दिसतो: तपकिरी, हिरवट, कधी खरंच चहासारखा. दूरचं पाणी तिरक्या नजरेला येतं, त्यात क्षितिजाजवळचं आकाश उतरतं, आणि आमच्याकडे ते आकाश बहुतेक वेळा फिकट, धुळकट असतं. दादा अल्ट्रामरीनमध्ये, म्हणजे गडद निळ्यात, बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग मिसळून त्याचा करडा रंग करतो. म्हणजे निळा असतोच त्यात, फक्त दिसत नाही. हे गिऱ्हाइकाला सांगितलं की अर्धे हसतात आणि अर्धे गच्चीवर जाऊन बघून येतात. बघून आलेले बहुधा चित्र घेतात.

वर्षाचं वेळापत्रकही तळंच ठरवतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे हवा पाण्यापेक्षा गार असते, त्यामुळे पाण्यावरून वाफ उठते आणि पलीकडच्या बाभळी अर्ध्याच दिसतात. आमची सगळ्यात जास्त विकली जाणारी चित्रं त्या दीड-दोन तासांतली आहेत. याच दिवसांत बाहेरून बदकं येतात, आणि चांदवे: काळे, कपाळावर पांढरा टिळा. मराठीत त्यांना वारकरीही म्हणतात. आई एकदा गच्चीवरून तो थवा बघून म्हणाली, ‘‘हे तर आळंदीहून निघालेले दिसतायत.’’ तेव्हापासून तिनं बगळ्याचा विषय काढला नाही. मे महिन्यात पाणी मागे सरतं, काठाचा चिखल भेगाळतो आणि कागदावर वॉश, म्हणजे जलरंगाचा पातळ हात, टाकला की ब्रश फिरवायच्या आत वाळतो. म्हणून उन्हाळ्यात दादा तैलरंगात काम करतो. श्रावणात उलट. वॉश वाळतच नाही, आणि कागदाला बुरशी लागते.

या बुरशीनं तिसऱ्या पावसाळ्यात आमचं दिवाळं काढायची वेळ आणली होती. फ्रेम केलेली चौदा चित्रं ओलसर भिंतीला टेकवून ठेवली होती. काच थेट कागदाला चिकटलेली, मागे साधा पुठ्ठा. गणपतीत बघितलं तर आकाशभर पिवळसर ठिपके. चूक माझीच होती. माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, वाचवायला गेले होते. आता चित्र आणि काच यांच्यात माउंटचं अंतर असल्याशिवाय एकही फ्रेम बाहेर जात नाही, मागचा पुठ्ठा आम्लविरहित असतो, आणि पावसाळ्यात चित्रं भिंतीपासून लांब, उंच मांडणीवर राहतात. खर्च वाढला, किंमतही वाढवली. तक्रार कोणी केली नाही, याचं मलाच आश्चर्य वाटलं.

दुसरी चूक दादाची, निदान तो तरी तसं म्हणतो. एका हॉटेलनं खोल्यांसाठी चोवीस चित्रं मागितली. अट एकच: पाणी निळं हवं, पडद्यांना मॅच होईल असं. त्या वर्षी मी ऑफिस सोडलं होतं, त्यामुळे नको म्हणायची माझी छाती झाली नाही. दादानं तीन आठवड्यांत चोवीस निळी तळी काढली. गच्चीवर एकदाही गेला नाही. पंधरा चित्रं गेल्यावर हॉटेलचा मॅनेजर बदलला, पडदेही बदलले. उरलेली नऊ आमच्याकडेच राहिली, पैसेही अर्धेच आले.

इंदुरात निसर्गचित्र विकणं तसं सोपंही आहे आणि अवघडही. १९२७ मध्ये देवळालीकरांनी इथे चित्रकलेची शाळा सुरू केली. बेंद्रे, हुसेन, डी. जे. जोशी, चिंचाळकर गुरुजी अशी माणसं तिथून निघाली. त्यामुळे लोकांची नजर तयार आहे, आणि त्याच नजरेनं ते तोलतातही. एक निवृत्त गृहस्थ दर दिवाळीला येतात, सगळी चित्रं बघतात, ‘‘बेंद्र्यांचा हात वेगळा होता हो’’ म्हणतात, आणि कॅलेंडर घेऊन जातात.

सिरपूर वाचलं ते भालू मोंढ्यांसारख्या माणसांनी वर्षानुवर्षं त्याचा पिच्छा पुरवला म्हणून. मोंढे स्वतः छायाचित्रकार, चित्रकार. २०२२ मध्ये तळं रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं, आणि २०२५ च्या जानेवारीत इंदूरला उदयपूरबरोबर पाणथळ शहराचा मान मिळाला. आमच्या धंद्याला याचा फायदा झाला, खोटं कशाला बोलू. रविवारी सकाळी दुर्बिणी घेऊन येणारी मंडळी परतताना चहाला वर डोकावतात. त्यांची मुलं चित्र काढायला मागतात, म्हणून आम्ही रविवारचा वर्ग सुरू केला. सहा ते साडेआठ काठावर, मग खाली पोहे-जिलेबी. फी तीनशे, कागद आमचा.

तो कागद म्हणजे हॉटेलची ती नऊ चित्रं. तीनशे जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, कॉटन कागद आहे, मागची बाजू कोरी. दादानं त्यांचे चार-चार तुकडे केले. गेल्या रविवारी एका मुलीनं तिचा तुकडा उलटून बघितला आणि विचारलं, ‘‘काका, ये कौन-सा तालाब है?’’ दादानं सांगितलं, ‘‘पर्दे वाला.’’