आमची वाटचाल: टॉवेलच्या मागावरून विमानाच्या पट्ट्याकडे

आमच्या घरात कापडाची पारख बोटांनी व्हायची. आण्णा, म्हणजे माझे वडील, टॉवेलची कड अंगठ्याखाली चोळायचे आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, कुठे सैल पडलाय ते सांगायचे. ते मिलमध्ये जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारे, होते. मिल बंद पडल्यावर हिशेबाचे जे पैसे हाती आले, त्यात त्यांनी चार जुने यंत्रमाग घेतले आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये टॉवेल सुरू केले. सोलापुरात पहिली कापडगिरणी 1877 साली निघाली. तेव्हापासून इथली कितीतरी घरं मागाच्या आवाजातच झोपतात आणि उठतात. आमचं त्यातलंच एक.

इचलकरंजीला टेक्स्टाईलचं शिक्षण घेऊन मी परत आले तेव्हा टॉवेलमध्ये फारसं काही उरत नव्हतं. सुताचा भाव वाढला की आमचं पोट कापलं जायचं, कारण गिऱ्हाईक टॉवेलला रुपया वाढवून देत नव्हतं. त्याच सुमारास पुणे-हैदराबाद रस्त्यावरचे एक ट्रान्सपोर्टवाले आण्णांकडे आले. ट्रकमधला माल आवळायचे पट्टे त्यांना बाहेरून मागवावे लागत, आणि पावसाळा संपेपर्यंत ते झिजून जात. "तुम्ही विणकर आहात, एवढी पट्टी विणता येत नाही का?" एवढंच ते म्हणाले. आण्णा रात्रभर झोपले नाहीत. दोन महिन्यांनी कर्ज काढून आम्ही एक जुना नीडल लूम, म्हणजे पट्टी विणायचा सुईचा माग, आणला.

या मागावर धोटा नसतो. बाण्याचा धागा सुई घेऊन येते, आणि पलीकडच्या काठाला तो एका बारीक आकड्यात अडकवून साखळीसारखा विणला जातो. पट्टीची खरी परीक्षा याच काठाला होते. तिथला अडकवण्याचा धागा एकदा जरी सुटला तरी वरून काही दिसत नाही, पण ताण आला की काठ उसवत जातो. आमचे जॉबर मामा, जे आण्णांबरोबर मिलमध्ये होते, आजही प्रत्येक रोलचा हाच काठ डोळे मिटून नखाने चाचपतात. तपासायचं यंत्र असूनही मी त्यांना थांबवलेलं नाही.

ट्रकच्या पट्ट्यांत जम बसला. मग विमानात माल बांधायच्या जाळ्या आणि पट्टे बनवणाऱ्या एका कंपनीने आमच्याकडे पट्टी मागितली. विमानात वापरायची मान्यता त्यांची, विणकाम आमचं. हे काम आमच्या डोक्यात शिरायला जवळजवळ वर्ष गेलं, आणि ते शिरलं मुंबईला विमानतळाच्या मालगोदामात उभं राहिल्यावर.

मोठ्या विमानात बहुतेक माल सुटा जात नाही. तो ॲल्युमिनियमच्या पॅलेटवर, म्हणजे सपाट फळीवर, रचतात. नेहमीचं, पीएमसी नावाचं पॅलेट 96 इंच रुंद आणि 125 इंच लांब असतं, आणि मालासकट 6,804 किलोपर्यंत भरता येतं. पॅलेटच्या चारही कडांना खाच असलेली धातूची पट्टी असते, तिच्यात दर इंचाला एक गोल भोक. माल रचून झाला की त्यावर प्लास्टिक, आणि प्लास्टिकवरून जाळी. जाळीच्या टोकांना दोन गोल खुंट्यांचा लोखंडी तुकडा असतो. तो भोकातून खाली घालायचा, अर्धा इंच सरकवायचा, की खटकन बसतो. मग जाळीची ढील आकड्यांनी ओढून घ्यायची. हे सगळं पॅलेट विमानाच्या पोटात रोलरवरून ढकलत नेतात आणि जमिनीतल्या कुलुपांनी पकडतात. लहान विमानांत सुटा माल हातानेच रचतात. तिथे कप्प्यांच्या मध्ये आणि दाराशी जाळ्या लावतात, आणि जड नग पट्ट्यांनी बांधतात.

त्या दिवशी एक लोडर दादा सैल पडलेल्या पट्ट्याला गाठ मारत होते. सुपरवायझरने धावत जाऊन ती सोडवली. पट्टीला गाठ मारली की तिची ताकद बरीच घटते, कारण गाठीतल्या वळणावर धागेच धाग्यांना कापतात. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण त्या माणसाचं धावणं पाहिल्यावर ते मनात बसलं.

विमानातल्या पट्ट्याला साधारण 5,000 पौंडांचा, म्हणजे जवळपास 2,268 किलोचा भार गृहीत धरतात. पण पट्टा म्हणजे नुसती पट्टी नाही. पट्टी, शिवण, रॅचेट (पट्टा आवळायची दातेरी कळ) आणि दोन टोकांचे आकडे, यांत जे सगळ्यात कच्चं, तेवढीच त्या पट्ट्याची ताकद. शिवाय पट्टा तिरका लावला तर त्याच्या ताकदीचा एक भागच मालाला धरतो. म्हणून किती पट्टे आणि कोणत्या कोनात, याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. अमेरिकेत पट्ट्यांसाठी टीएसओ-सी172 आणि पॅलेट-जाळ्या-कंटेनरसाठी टीएसओ-सी90 ही तिथल्या विमान नियामकाची मानकं आहेत. भारतात डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, मान्यता लागते. माल बांधायच्या साहित्याला जळण्याचीही कसोटी असते: प्रवासी किंवा वैमानिक बसतात त्या भागात वापरायची पट्टी आडवी धरून पेटवली तर ज्योत मिनिटाला सरासरी अडीच इंचांपेक्षा पुढे सरकता कामा नये.

आम्ही पॉलिएस्टर वापरतो. नायलॉन पाणी शोषतं आणि ताणात जास्त लांबतं. माल बांधल्यावर पट्टा लांबला तर माल हलायला लागतो, आणि हललेला माल विमानाचा तोल बिघडवतो.

कापडाच्या धंद्यात वाढलेल्या माणसाने एक गोष्ट जरूर वाचावी. 7 ऑगस्ट 1997 रोजी मायामीहून निघालेलं फाइन एअरचं डीसी-8 मालवाहू विमान उडाल्यावर लगेच कोसळलं. त्यात डेनिमचं कापड भरलेलं होतं. भार ठरवल्यापेक्षा मागे गेला होता, आणि चुकीच्या हिशेबावर शेपटीचा ट्रिम, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली ठेवायचा कोन, लावला होता. विमानातले चौघे गेले, जमिनीवरचा एक गेला. 29 एप्रिल 2013 रोजी अफगाणिस्तानात बाग्रामहून निघालेल्या बोइंग 747 मालवाहू विमानात पाच चिलखती गाड्या होत्या. त्यातली किमान एक सुटून मागे गेली आणि तिने हायड्रॉलिक यंत्रणा व शेपटीचा कोन बदलणारा स्क्रू मोडला. सातही जण गेले. गाड्या पट्ट्यांनी बांधलेल्या होत्या, पण बांधायची पद्धतच अपुरी होती. नव्या मुलाला कामावर घेतलं की मी त्याला आधी या दोन गोष्टी सांगते, मग मागावर बसवते.

आमची स्वतःची मोठी चूक एका उन्हाळ्यात झाली. मे महिना, शेडमध्ये पारा चव्वेचाळीसच्या पुढे. पट्टी विणून झाली की ती उष्णतेवर बसवतात, म्हणजे तिचं नंतरचं आकुंचन आणि लांबणं आटोक्यात राहतं. घाईत तापमान जास्त ठेवलं गेलं. पट्टी दिसायला सुरेख, घट्ट, चमकदार. मामांनी नखाने चाचपली, काठ ठीक होता. पण यंत्रावर ओढली तर नेहमीपेक्षा बरीच आधी तुटली, आणि टोकं मऊ तुसासारखी पसरण्याऐवजी कडक, आखूड निघाली. तीन हजार मीटरचा तो माल मी कंपनीला कळवून परत घेतला आणि मधोमध कापून टाकला. कोणी ट्रकच्या पट्ट्यासाठी मागितला, दिला नाही. त्या महिन्याचे पगार मंगळसूत्र गहाण ठेवून झाले. आण्णा तेव्हा आजारी होते. त्यांनी तुटलेलं टोक हातात घेऊन खूप वेळ पाहिलं आणि म्हणाले, "बरं केलंस."

त्यानंतर आम्ही प्रत्येक रोलच्या दोन्ही टोकांचा तुकडा तोडून पाहतो. तुटलेला तुकडा, तारीख, मागाचा नंबर आणि सुताचा लॉट एका पिशवीत ठेवतो. शिवणीचा धागा पट्टीपेक्षा वेगळ्या रंगाचा घेतो, म्हणजे सुटलेला टाका लगेच डोळ्यात भरतो. तयार माल उन्हात ठेवायला सक्त मनाई. पॉलिएस्टर उन्हाने हळूहळू कमजोर होतं, आणि सोलापूरच्या उन्हाला कसली दयामाया नाही.

मार्च 2020 अखेर प्रवासी सेवा थांबली आणि एप्रिलपासून त्याच विमानांत सीटवर, सीटखाली माल जाऊ लागला. त्या खोक्यांवर टाकायच्या जाळ्यांची पट्टी आमच्याकडून गेली. बायका मास्क लावून दोन पाळ्यांत शिवत होत्या. तेव्हा शिवणीवर आलेल्या अकरापैकी नऊ जणी आजही आहेत.

स्वतःच्या नावाची मान्यता अजून आमच्याकडे नाही. तिचे कागद तयार करतोय. गुणवत्तेची पद्धत लिहून काढणं हे मागापेक्षा अवघड काम निघालं, कारण मामांच्या नखात जे आहे ते कागदावर कसं उतरवायचं?

2025 च्या जूनमध्ये आमच्या होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याची विमानसेवा सुरू झाली. मी पहिल्यांदा सोलापुरातून उडाले. एटीआर या पंख्याच्या लहान विमानात प्रवासी मागच्या दाराने चढतात, आणि सामानाचा एक कप्पा पुढे असतो. चालत जाताना ते पुढचं दार उघडं दिसलं. आत एक जण जाळीचा आकडा ओढून बसवत होता. उतरल्या उतरल्या मामांना फोन केला आणि ते सगळं सांगितलं.

"पट्टी केवढी होती, पोरी?"

"इंचभर असेल, मामा."

"काठ कसा होता?"

"तेवढं लांबून दिसलं नाही."

"परत येताना बघ," मामा म्हणाले.