चिपळूण ते मेळघाट, काळ्या मातीतून

माझ्या नणंदेला धारणी तालुक्यातल्या शाळेत रुजू होऊन तिसरं वर्ष लागलं, तरी सासूबाईंनी तिचं बिऱ्हाड पाहिलं नव्हतं. दर फोनच्या शेवटी एकच वाक्य: "बदलीचं बघ गो बाय." या डिसेंबरात त्या म्हणाल्या, मला एकदा डोळ्यांनी बघून येऊ दे. मग हे, मी, आई आणि आमची नऊ वर्षांची लेक असे चौघं चिपळूणहून गाडीने निघालो.

समृद्धी महामार्गावर कारंजा लाडपर्यंत काही जाणवलंच नाही. दुसऱ्या रात्री अमरावतीत मुक्काम केला. विदर्भ खरा जाणवला तो तिसऱ्या दिवशी सकाळी, परतवाड्याच्या रस्त्याला लागल्यावर.

वलगावला पेढी नदीच्या पुलाजवळ आईंनी गाडी थांबवायला लावली. २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबांनी देह ठेवला तो इथेच, प्रवासात असताना. माझ्या आजेसासऱ्यांनी बाबांचं कीर्तन ऐकलेलं होतं. आईंनी काठावर उभं राहून हात जोडले आणि "गोपाला गोपाला" म्हटलं. वाटेत आम्ही देवळं बरीच पाहिली, पण त्या तिथे जेवढ्या स्थिर उभ्या होत्या तेवढ्या दुसरीकडे कुठेच नव्हत्या.

पूर्णा ओलांडल्यावर फजिती झाली. आदल्या रात्री अवकाळी पाऊस पडून गेला होता. समोरून कापसाने खच्चून भरलेला ट्रक आला, त्याला वाट द्यायला ह्यांनी गाडी डांबराखाली घेतली. आमच्याकडे हे सर्रास करतात. आमची तांबडी जांभ्याची जमीन पाणी धरत नाही, पाऊस थांबला की चाकाला घट्ट लागते. वऱ्हाडातली काळी माती पाणी पिऊन फुगते. गाडी पुढे सरकेना. ह्यांनी रेस दिली तशी डावी चाकं अर्धी आत गेली. लेक रडायला लागली. आई खाली उतरल्या तर चप्पल मातीतच राहिली.

शेजारच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बाया होत्या. त्यांच्यातला एक म्हातारबा हात हलवत आला. "रेस देऊ नोका भाऊ. जेवढं चाक फिरवसान तेवढं रुतन." त्याने एका पोराला पिटाळून धुऱ्यावरचा गेल्या वर्षीच्या तुराट्यांचा भारा आणवला. चाकापुढची माती हाताने काढली, तुराट्या आडव्या अंथरल्या, चाकाला चिकटलेला चिखल विळ्याने खरवडला. मग ट्रॅक्टर आला, दोर लागला आणि गाडी हळूहळू वर आली. सगळं मिळून दीड तास गेला. ह्यांनी पैसे पुढे केले तेव्हा म्हातारबा आईंकडे वळून म्हणाला, "माय, पावने हा तुमी. पैशाचं नाव काढू नोका." वर टोपलीभर संत्री गाडीत ठेवली. आईंनी डब्यातली आमसुलं त्या बायांच्या ओंजळीत घातली. कशात घालायची, किती भिजवायची, हे सांगताना त्या स्वतःच्या पायांचा चिखल विसरून गेल्या होत्या.

रस्ता लाटांसारखा का वाटतो, तेही त्यानेच सांगितलं. उन्हाळ्यात ही जमीन आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात ती पुन्हा फुगते. वर डांबर कितीही सपाट टाकलं तरी खालची माती ते उचलते आणि खचवते. कोकणातून येणाऱ्यांना मी एवढंच सांगेन, ओल असेल तर डांबर सोडू नका. थांबायचं तर डांबरावरच थांबा, समोरचा सांभाळून घेतो.

परतवाड्यात टाकी भरली, थोडे रोख पैसे काढले, आईंसाठी आल्याच्या वड्या घेतल्या. घटांगच्या अलीकडे फोनची रेंज गेली. वळणांनी आईंना दोनदा उलटी झाली, तरी "थांबू नका, उजेडात पोचू" हेच त्यांचं म्हणणं. सेमाडोहला रबडी खाल्ली, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. पुढे सिपना नदी लागली. कोरकूत सिपना म्हणजे साग, आणि दोन्ही काठांना खरंच सागच साग. हरिसालच्या अलीकडे एक गवा रस्त्याकडेला उभा होता. आम्ही काचा वर करून गप्प बसलो. लेकीने माझा हात सोडला नाही.

अंधार पडता पडता पोचलो. नणंदेने आधी चाकांकडे बघितलं. "पूर्णेच्या पुढे खाली उतरलात ना? मीही पहिल्या वर्षी तिथंच रुतले होते."

दोन खोल्या, अंगणात चूल. शेजारची कोरकू आजी आमच्यासाठी तापलेलं पाणी घेऊन आली. कोरकू ही मराठीच्या कुळातली भाषा नाही, मुंडा कुळातली आहे, दूर झारखंडातल्या संथालीच्या नात्यातली. आईंना तिचं काहीच समजलं नाही आणि तिला आईंचं. नणंद मध्ये बसून दोघींचं एकमेकींना सांगत होती. न अडखळता, भराभर. आई तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

चार दिवस राहिलो. निघताना आईंनी उरलेली आमसुलं त्या आजीच्या हातावर ठेवली, नणंदेच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गाडीत येऊन बसल्या. बदलीचं काही बोलल्या नाहीत.